उसनी चूक

माझी नणंद आमच्याकडे राहायला आली ती दोन बॅगा, एक लॅपटॉप आणि भलामोठा उत्साह घेऊन. कौतुक तिला आणावं लागत नाही, ते आमच्या घरात तिच्यासाठी बाराही महिने तयार असतं. घरातलं शेंडेफळ म्हणून सगळे तिला बारकी म्हणतात. ओव्हन बनवणाऱ्या कंपनीत ती पाच वर्षं इंजिनियर आहे, तरी जेवायला बसली की सासूबाई तिच्या ताटात अजून काय वाढता येईल ते शोधत असतात. मी त्याच टेबलावर दहा वर्षं जेवते आहे. माझ्या ताटाकडे कुणी बघितल्याचं मला आठवत नाही.

ती राहते त्या हॉस्टेलच्या खोलीत तिच्यासोबत आणखी दोघीजणी. तिथे मुलाखतीची तयारी होत नाही, म्हणून ती आली होती. एका नव्या कंपनीत टेस्टिंग विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली होती. ती बातमी मला दिली तीही बारकीनेच. "वहिनी, तूही अर्ज कर ना. तुझ्यासाठीच काढल्यासारखी आहे जागा," असं म्हणाली आणि स्वतःचाही अर्ज भरून मोकळी झाली. जागा एक, आम्ही दोघी. प्रतिस्पर्ध्याला हाताला धरून मैदानात आणणारा माणूस एक तर फार भोळा असतो, नाही तर त्याला आपण जिंकणार याची खात्री असते. बारकी भोळी आहे असं मला वाटत नव्हतं.

मला ती जागा हवी होती. नुसती आवडली असती वगैरे नाही, हवीच होती. वॉशिंग मशीनच्या कारखान्यात मी टेस्टिंग बघते. मशीन खोक्यात जाण्याआधी शेवटचा हात माझा. माझ्या हाताखाली शिकलेले दोघे माझे साहेब होऊन गेले आणि तिसरा व्हायच्या बेतात होता. दरवेळी मला सांगण्यात येई की तुमचं काम उत्तम आहे, पण तुम्ही बोलत नाही. नवरा त्यावर म्हणायचा, बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. तो ऑफिसच्या खुर्च्या विकतो, त्यामुळे विकण्याबद्दल त्याच्याशी वाद घालता येत नाही.

या मुलाखतीत तर सगळा बोलण्याचाच मामला होता. तांत्रिक परीक्षा आम्ही दोघीही पास झालो होतो. आता शेवटची फेरी, आणि तीत मोटर, सर्किट असलं काही विचारणार नव्हते. विचारणार होते ते असं की, सहकाऱ्याशी मतभेद झाले तो प्रसंग सांगा, अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागला तो प्रसंग सांगा, तुमच्या हातून मोठी चूक झाली तो प्रसंग सांगा. उत्तर द्यायचीही एक रीत होती आणि ती बारकीला पाठ होती. आधी प्रसंग सांगायचा, मग त्यात आपली जबाबदारी काय होती ते, मग आपण काय केलं, आणि शेवटी त्यातून काय निघालं. सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की मतभेदाचा प्रसंग म्हणून घरातलं काही सांगू नका म्हणजे झालं. सगळे हसले. मीही हसले, कारण सुनेने हसायचं असतं.

संध्याकाळी जेवणाआधी बैठकीच्या खोलीत सराव सुरू झाला. नवरा आपल्या कंपनीची फिरती खुर्ची घेऊन पॅनेल म्हणून बसायचा. इंजिनियरिंगमधलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला कळावं लागतंच असं नाही. आम्ही दोघी समोर सोफ्यावर. सासूबाई भाजी निवडत बाजूला.

पहिल्याच दिवशी माझं पितळ उघडं पडलं. चूक झाली तो प्रसंग सांगा म्हटल्यावर मी म्हणाले की मी कामात फार बारकाईने लक्ष घालते, त्यामुळे कधी कधी उशीर होतो, हाच माझा दोष. नवऱ्याने जांभई दिली. तोंडावर हात तरी ठेवायचा. "अगं, हा काय दोष झाला? खुर्ची फारच आरामशीर आहे अशी तक्रार केल्यासारखं आहे हे," तो म्हणाला. बारकीने मात्र माझी बाजू घेतली, वहिनीला जरा वेळ दे म्हणाली. तिने माझी बाजू घेतली की मला जास्तच राग येतो.

तिचं बोलणं मी रोज ऐकत होते आणि रोज आतून जळत होते, यात लपवण्यासारखं काही नाही. ती हात हलवत बोलायची, मध्येच थांबायची, कुठल्या तरी साहेबाची नक्कल करायची. नवरा पुढे सरकून ऐकायचा. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर तो माझं बोलणं ऐकायला कधी असा पुढे सरकलेला मी बघितला नव्हता. सासूबाईंच्या हातातली शेंग हातातच राहायची. मी मात्र बोलायला लागले की शेंगा भराभर सोलून व्हायच्या.

आणि मग एका संध्याकाळी नवऱ्याने बारकीला चूक झाल्याचा प्रसंग विचारला.

तिने सांगायला सुरुवात केली. ओव्हनच्या दाराचं कुलूप तपासणारं एक बेंच होतं, म्हणजे तपासणीची यंत्रणा जोडलेलं टेबल. दार उघडलं की ओव्हन बंद व्हायलाच हवा, नाही तर माणूस भाजेल. एके दिवशी दुपारी त्या बेंचवर एकामागून एक ओव्हन नापास व्हायला लागले. तिने सगळा माल थांबवला. ट्रक भरून उभे होते ते रिकामे करायला लावले. मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडला, तरी ती हटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की ओव्हन सगळे ठणठणीत होते. तिच्याच बेंचची एक तार सुटली होती. स्वतःच्या तारेपायी तिने अख्खा कारखाना थांबवला होता.

पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं.

बारकी सांगत होती. सकाळच्या मीटिंगमध्ये ती उभी राहिली आणि म्हणाली की चूक माझ्या बेंचची आहे. त्या दिवसापासून तिने एक पद्धत घालून दिली. रोज काम सुरू करण्याआधी बेंचवर एक चांगला ओव्हन आणि एक मुद्दाम बिघडवलेला ओव्हन लावून बघायचा. बेंचला त्या दोघांतला फरक कळला, तरच बाकीचा माल तपासायचा. तो बिघडवलेला नग कधीच कुणाच्या घरी जाणार नव्हता, म्हणून लाइनवरच्या मुलींनी त्याचं नाव ठेवलं नकटी. तिच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी ही.

नवरा खुर्चीतून उठून उभा राहिला. "वा! याला म्हणतात उत्तर. चूकही सांगितली आणि आपलं नाणंही वाजवून दाखवलं," असं म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं. "बघ, असं बोलता आलं पाहिजे."

नकटी माझी होती. ओव्हन नव्हे, वॉशिंग मशीन. ड्रम फिरत असताना दाराचं कुलूप उघडं दाखवत होतं ते माझं बेंच. ट्रक रिकामे करायला लावले ते मी. सहा वर्षांपूर्वी मी घरी येऊन हे सगळं जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं, रडत रडत, याच नवऱ्याला. त्याला त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. स्वतःच्या बायकोची गोष्ट बहिणीच्या तोंडून ऐकून तो टाळ्या वाजवत होता आणि वर तीच गोष्ट मला नमुना म्हणून दाखवत होता. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण आमच्याकडे काय पिकलं होतं हेसुद्धा कुणाच्या लक्षात नव्हतं.

मला सगळ्यात जास्त झोंबलं ते वेगळंच. ती गोष्ट त्यानंतर मी कायम लपवत आले होते. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात लाजिरवाणा दिवस. आणि बारकीच्या तोंडी ती चूक इतकी छान दिसत होती की माझाच विश्वास बसेना. माझी चूकसुद्धा तिलाच शोभून दिसावी, याला काय म्हणायचं?

स्वयंपाकघरात मी तिला गाठलं. ती पाण्याचे ग्लास भरत होती. मी म्हणाले, ती गोष्ट माझी आहे. ती जराही दचकली नाही.

"हो, तुझीच आहे," बारकी म्हणाली. "मुलाखतीच्या तयारीचा आमचा ग्रुप आहे ना, त्यात सगळेच एकमेकांच्या गोष्टी घेतात वहिनी. एखादीकडे मतभेदाचा प्रसंग नसतो, एखाद्याकडे चूक झाल्याचा नसतो. आणि तू ती कधी सांगणारच नाहीस ना? मला वाटलं तुला ती नकोच आहे."

म्हणजे शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी ही मंडळी एकमेकांच्या चुका उसन्या आणत होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मला खरं तर ओरडायचं होतं. पण तेवढ्यात नवरा आत आला, त्याच्या मागून सासूबाई. काय कुजबुज चाललीये दोघींची, असं त्याने विचारलं. त्या दोघांसमोर, माझी चूक मला परत दे, असं म्हणायला माझी जीभ रेटेना. मी हसले आणि बारकीला म्हणाले, "घे की. खुशाल सांग. माझ्याकडे दुसऱ्या आहेत."

दुसऱ्या कसल्या आल्यात? एकच होती. हौसेने दान देऊन बसले आणि मग रात्रभर कूस बदलत राहिले.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही एकाच रिक्षाने गेलो. बारकीने माझ्या कुर्त्याचा धागा तोडून दिला, पाण्याची बाटली आठवणीने घेतली. तिची वेळ आधी होती, माझी नंतर. ती आत गेली आणि मी बाहेर काचेच्या दारासमोर बसून राहिले. मला आतलं ऐकू येत नव्हतं. तरी ती केव्हा नकटीपर्यंत पोचली असेल याचा मी अंदाज घेत होते. तिची जीभ अडखळावी, तिथेच तिचं बोलणं खुंटावं, असं मी अगदी मनापासून म्हणत होते.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा जरा उतरलेला होता, पण ती हसली. ते फार खोलात जातात, घाई करू नकोस, एवढंच म्हणाली. मी उठून आत गेले.

आत तिघे होते. दोन पुरुष, आणि मधोमध माझ्या आईच्या वयाची एक बाई. मुख्य तीच होती. तिने चष्मा कपाळावर चढवलेला होता आणि ती कागदाकडे न बघता बोलत होती. पहिले दोन प्रश्न बरे गेले. मग तिने चूक झाल्याचा प्रसंग विचारला. मी पाठ केलेलं बारकाईचं पुराण सुरू केलं. तिने हात वर करून मला थांबवलं.

"ही चूक नाही, ही तुमची स्तुती आहे," बाई म्हणाल्या. "खरी सांगा. नसेल तर नाही म्हणा, आपण पुढे जाऊ."

नाही म्हणण्यासाठी मी तोंड उघडलंही होतं. पण दहा वर्षं मी नाहीच म्हणत आले होते, आणि बाहेर बसलेली पोर माझं होय घेऊन जाऊन आली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी सांगायला लागले. रीतबीत काही पाळली नाही. आधी ट्रक आले, मग मॅनेजर, मग कुलूप. हाताने एक दार ओढून बघितलं असतं तरी कळलं असतं, हे मध्येच दोनदा म्हणाले. नकटीचं नाव आलं तसं उजवीकडच्या तरुणाने पेन खाली ठेवलं आणि तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

बाईंनी चष्मा खाली घेतला. हे नाव आम्ही आज आधीही ऐकलं आहे, त्या म्हणाल्या. तुम्ही दोघींनी मिळून तयारी केली का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की ती माझी नणंद आहे, सध्या आम्ही एकाच घरात राहतो. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांच्या हिशेबी चोर मीच होते. नंतर आलेली होते ना मी.

"तुम्हाला एकच विचारते. त्यांनाही हेच विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "बेंचची तार बघायला सकाळ का उजाडावी लागली? त्याच दिवशी का नाही बघितली?"

हे मी त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सांगितलं नव्हतं. कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

"मला संध्याकाळीच शंका आली होती," मी म्हणाले. "पण सगळे तिथे उभे होते. साहेब, ड्रायव्हर, लाइनवरच्या मुली. एवढा तमाशा करून झाल्यावर त्यांच्यासमोर आपल्याच बेंचखाली वाकून बघायची मला लाज वाटली. म्हणून मी गप्प घरी गेले आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बघितलं. माल रात्रभर अडकला तो तारेमुळे नाही, माझ्या लाजेमुळे."

कुणी काही लिहिलं नाही. मग बाईंनी विचारलं की या एका प्रश्नाचं उत्तर सोडलं, तर तुमच्या नणंदेला बाकी सगळं इतकं तपशीलवार कसं माहीत? ट्रक कुठे उभे होते, मॅनेजर काय बोलला, नकटीच्या कुठल्या बाजूला पोचा होता, सगळं त्यांनी सांगितलं. तुम्ही हे त्यांच्याकडून घोटवून घेतलं होतं का?

मी सांगायला गेले की तिने चोरलं. तेच सांगायला तर माझी जीभ शिवशिवत होती. पण घोटवून वगैरे काही घेतलं नव्हतं. मी ते एकदाच सांगितलं होतं, सहा वर्षांपूर्वी. मला ते टेबल आठवलं. नवरा मॅच बघत होता, होतं असं कधी कधी, म्हणाला होता. सासूबाईंनी मीठ मागितलं होतं. आणि बारकी, तेव्हा शेवटच्या वर्षाला होती, सुट्टीत आली होती. तिचा भात ताटात गार होत होता आणि मी थांबले की ती म्हणायची, मग? मी पुन्हा बोलायला लागायचे. मग? मीटिंगमध्ये उभी राहिले ते बरोबर केलं, हे मला त्या टेबलावरच पटलं. तिला सांगता सांगताच.

"घोटवलं नाही," मी म्हणाले. "एकदाच सांगितलं होतं, घरात सगळ्यांसमोर. ती एकटीच ऐकत होती."

पुढच्या आठवड्यात मला फोन आला की जागा तुमची. बारकीला नकार मेलवर आला, त्यात काही कारण दिलेलं नव्हतं. तिने बॅग भरता भरता मला विचारलं की तू त्यांना सांगितलंस का. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं, मी म्हणाले. तिने मान हलवली. "बरोबरच आहे. तुझीच होती," म्हणाली आणि चेन लावली. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. मला काही तरी बोलायचं होतं, पण काय ते कळेपर्यंत ती खाली रिक्षात बसली होती. सासूबाई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या.

त्या रविवारी जेवताना नवऱ्याने विचारलं की तू असं काय सांगितलंस त्यांना, की त्यांनी तुला घेतलं? त्याने विचारलं याचं मला बरं वाटलं. मी सांगायला लागले. बाईंचा चष्मा, त्यांनी हात वर केला तो. त्याचा फोन वाजला, त्याने तो उचलला नाही, पण त्यावरचे मेसेज वाचायला घेतले. सासूबाईंनी पगार किती मिळणार ते विचारलं. मी सांगितला. त्या म्हणाल्या, चांगला आहे. मी पुढचं वाक्य तोंडात घेऊन थांबले, आणि कुणी काही विचारलं नाही, तेव्हा ते भातासोबत गिळून टाकलं.

मोठी जागा मिळाली होती, माझं नाव दारावर लागणार होतं, आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून हॉस्टेलच्या त्या खोलीचा विचार करत होते. तिथे कुणी तरी बारकीला आपल्या दिवसाचं काही तरी सांगत असेल आणि ती हातातला घास तसाच ठेवून ऐकत असेल. ती मुलगी कोण आहे हे मला माहीतही नव्हतं, तरी तिच्या नावाने माझ्या पोटात दुखायला लागलं.